माघारीदादाचं बोट

नाव त्याचं काही का असेना, डोंगरावर त्याला सगळे माघारीदादाच म्हणत. शिखर हाकेच्या अंतरावर आलेलं असो, दुपारचे बारा वाजले की हा गडी वळलाच. "चला, माघारी." समोरचा रडो नाहीतर पाया पडो. सव्वीस वर्षं त्याने लोकांना बर्फातून वर नेलं आणि एकूण एक माणूस जिता खाली आणला. दुसरं काही त्याला येत नव्हतं. वर्षातले चार महिने घरी असला की बायकोच्या पायात पायात यायचा, एकाचं झाकण दुसऱ्याच डब्याला लावायचा, आणि खिडकीशी उभा राहून वारा कुठून येतोय ते उगीच बघायचा. "कधी जाताय वर?" ती विचारायची. "आम्हाला जरा श्वास घेऊ द्या."

गोम श्वासाचीच होती.

तिसऱ्या तळावर संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी मोठ्या तंबूत बसायचं आणि एकेकाने बोट चिमट्यात घालायचं. रक्तात प्राणवायू किती उरलाय त्याचा आकडा तो चिमटा दाखवतो. आकडा पंच्याहत्तरच्या खाली आला तर तासाभराने परत मोजायचं. तेव्हाही खालीच, तर सकाळी माघारी. नियम त्याचाच, आणि वहीत आकडे लिहिणाराही तोच. मोजणाऱ्याचं बोट कोण मोजणार? गेल्या हंगामापासून तो आपला आकडा एकट्याने बघायचा आणि वहीत भलताच लिहायचा. शहाऐंशी. रोज शहाऐंशी.

तळावरचा आचारी त्याचा सख्खा मेहुणा. त्याने एकदा वही चाळली.

"दाजी, हे तुमचं रक्त आहे का बंद पडलेलं घड्याळ?"

"तू भाजी हलव."

"हलवतो की. पण काल दोर बांधताना भात्यासारख्या धापा टाकत होता तुम्ही. उद्या ताईला काय तोंड दाखवू मी?"

"आहे तेच दाखव. लहानपणापासून सोसलंय तिने."

त्या संध्याकाळी चिमट्यात मास्तरीणबाईंचं बोट होतं. पन्नाशीची बाई, गणित शिकवणारी. या चढाईसाठी दोन वर्षं पाठीवर दगड घेऊन शाळेचे चार मजले चढत-उतरत होती. आकडा आला त्र्याहत्तर. तासभर हात काखेत उबवल्यावर चौऱ्याहत्तर.

"माघारी, बाई."

"एकाने हुकलं हो! एका मार्कासाठी मी आजवर कुणाला नापास केलं नाही."

"तुमच्याकडे नापास झालेला निदान घरी तरी जातो."

बाईंनी बोटाचा चिमटा काढला, रुमालाने पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही लावा. याला मोजता येतं का ते तरी बघू."

"माझं झालंय. शहाऐंशी."

"मग पुन्हा येईल."

आठ जण बघत होते. त्याने बोट घातलं. आकडा वरखाली उड्या मारून अडुसष्टवर बसला, तो हलेचना.

"चिमटा गारठला असेल," दोन नंबरचा वाटाड्या हळूच म्हणाला. भला माणूस, सुटायला फट करून देत होता.

हो म्हटलं की झालं. पण चिमटा खोटा तर बाईंचे चौऱ्याहत्तरही खोटे, आणि उद्या बाई वर. बाईंना हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्या त्याच्या तोंडाकडे अशा बघत होत्या, की आता त्याने नुसती मान हलवायची. आणि चिमटा खरा असेल, तर उद्याची एक चढाई जाऊन भागणार नव्हतं. वहीत खोटं लिहिणाऱ्याच्या हातात पुन्हा दोर कोण देणार?

स्टोव्ह फुरफुरत होता. त्याने बोट चिमट्यातून काढलं.

"चिमटा बरोबर आहे," तो म्हणाला. "उद्या बाई खाली. मी पण."

बाईंचा चेहरा पडला. मग त्या म्हणाल्या, "तुमचं वाईट करायचं नव्हतं हो मला."

"तुम्ही काही केलं नाही. वही माझ्याच हातची आहे."

सकाळी दोन नंबरचा सहा जणांना घेऊन वर गेला. मेहुणा दोराची गाठ उगाचच तपासत बसला.

"ताईला सांगा दाजी, मी बरा आहे."

"सांगतो. आणि आता बारा महिने मी घरीच, हे कसं सांगू?"

मेहुण्याने गाठ सोडून परत बांधली.

दोराच्या पुढच्या टोकाला बाई, मागच्या टोकाला माघारीदादा. बाई थांबून थांबून शिखराकडे बघायच्या. तो बघत नव्हता. पहिला उतार संपला आणि त्याचं डोकं ठणकायचं थांबलं. दुसरा संपला आणि धाप गेली. दुपारी तर पाय विशीतल्या पोरासारखे पडायला लागले. त्याचं अंग खूश होतं. आपण बुडालो त्याचं या अंगाला काहीच नाही, म्हणून त्याला स्वतःच्याच हातापायांचा राग आला.

खालच्या तळावर कडकडून भूक लागली. कुणीतरी गरम ताट पुढे ठेवलं. त्याने मागून मागून खाल्लं. घास गोड लागत होता. तो मान खाली घालून खात राहिला, कारण ताट संपल्यावर करायचं असं काहीच उरलं नव्हतं.