मरण्याआधीचा फोन

मालिकांमध्ये मी इतक्या वेळा मेलो आहे की मोजदाद केव्हाच सोडून दिली. अपघातात मेलो, दुधातल्या विषाने मेलो, सुनेचं बोलणं ऐकून छातीला हात लावून सोफ्यावर मेलो. मेलो नाही तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन चष्मा काढणारा डॉक्टर होतो, हवालदार होतो, न्यायाधीश, सरपंच, मुलीचा बाप, मुलाचा बाप आणि ऐन लग्नात काडी टाकणारा मामा होतो. रस्त्यात लोक थांबवतात, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय" म्हणतात, आणि मग त्यांना आठवतं की मी त्यांच्या बँकेत कॅशियर होतो. पूर्वी याचा राग यायचा. आता जिने ओळखायला हवं तिनेच ओळखणं सोडलंय, तर बाकीच्यांवर कुठे रागवत बसू?

ती म्हणजे माझी माय.

मी धुळ्यात वाढलो आणि पहिलं नाटकही तिथेच केलं. हौशी मंडळींचं नाटक, पांझरा नदीजवळच्या एका हॉलमध्ये. मिसरूड नीट फुटलं नव्हतं तेव्हा मला म्हाताऱ्याचं काम मिळालं. माझ्या चेहऱ्यात तेव्हापासूनच काहीतरी सासऱ्यासारखं असावं. तिसऱ्या अंकात मरायचं होतं. मी जीव तोडून मेलो, आणि दुसऱ्या रांगेतून माय उठली. "मना आंडोरले काय व्हयनं?" असं ओरडत ती रंगमंचाच्या पायऱ्या चढायला लागली. आंडोर म्हणजे मुलगा. प्रेताला डोळा उघडून म्हणावं लागलं, "माय, खाली बठ." हॉल हसून लोळला, नाटक तिथेच संपलं आणि दिग्दर्शक पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

घरी आल्यावर तिने भाकरी वाढता वाढता नियम घालून दिला. "आते मरशी तवय माले पहिलेच सांगत जा."

तो नियम मी मुंबईत गेल्यावरही पाळला. वडील गेल्यावर माय जळगावला अक्काकडे, माझ्या मोठ्या बहिणीकडे, मेहरूण भागात राहायला आली. माझा मरणाचा भाग दिसायचा असला की मी दुपारीच फोन करायचो. "माय, आज सात वाजता मरस मी. घाबरू नको." पलीकडून उत्तर यायचं, "बरं. जेवना का?" जेवलास का, एवढीच तिची चौकशी. मग संध्याकाळी ती शेजारणींना बोलावून माझं मरण बघायची. "देखा, आते पडी," असं आधीच सांगून टाकायची, आणि मी पडलो की तिची मान अशी ताठ व्हायची की जणू तिनेच मला पडायला शिकवलं. अक्का हे सगळं मला फोनवर सांगायची आणि आम्ही दोघं हसायचो. मला कोणी बक्षीस दिलं नाही कधी. मायची ती ताठ मान मला पुरत होती.

मग तिची आठवण निसटू लागली. आधी डब्यांची झाकणं, मग वार, मग शेजारणी. पण माझा फोन आला की "जेवना का?" हे न चुकता यायचं. मी त्याच्यावर विसंबून राहिलो. मुंबईहून जळगावला यायला एक रात्र लागते, आणि ती एक रात्र मला महिनोन्‌महिने सापडत नव्हती. खरं सांगायचं तर मी शोधतही नव्हतो.

त्या सुमाराला एका मालिकेत मी घरातला मोठा सासरा होतो. काम संथ होतं, म्हणून दुसऱ्या एका मालिकेत भटजीचं काम घेतलं, डोकं पूर्ण भादरलं आणि कोकणात चित्रीकरणाला गेलो. तिथे पहिल्या मालिकेच्या ऑफिसातून निरोप आला, "सर, तुमचा एक छान घरगुती फोटो पाठवा ना." मला वाटलं, घराच्या भिंतीवर सगळ्या कुटुंबाचे फोटो लावणार असतील. मी बरा दिसावा म्हणून नीट निवडून पाठवला. मेहरूणच्या तलावाजवळ अक्काने काढलेला, मायने पसंत केलेल्या निळ्या शर्टातला. हाच फोटो मायच्या कपाटावर चौकटीत उभा होता. मला तेव्हा ते सुचलं नाही. स्वतःच्या थोबाडावर खूश असलेल्या माणसाला फार काही सुचत नाही.

आठवड्याने मालिकेने वीस वर्षांची उडी घेतली. आमच्या धंद्यात असं करतात. मुलं मोठी होतात, नवे चेहरे येतात आणि जुन्यांपैकी जे जड होतात ते मधल्या वर्षांत मरून जातात. मरणाचा प्रसंग नाही, रडारड नाही. भिंतीवर फोटो, फोटोला हार, समोर दिवा लावणारी सून. फोटोला गाडी पाठवावी लागत नाही आणि तारखांवरून तो भांडत नाही. मी मेलो हे मला कोणी कळवलंच नाही. मग मी मायला कुठून कळवणार?

त्या संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात कणीक मळत होती. बाहेर आली तर माय टीव्हीसमोर फरशीवर बसलेली. रडत नव्हती. कपाटावरची चौकट मांडीवर घेतली होती आणि पडद्यावरचा फोटो तिच्याशी ताडून बघत होती.

"ह्या डाव त्याना फोन नही उना," ती अक्काला म्हणाली. "ह्या डाव तो खरंच गया."

तिच्या विस्कटलेल्या डोक्यात ही एकच गोष्ट सरळ उभी होती, आणि ती उभी करणारा मी होतो. खोट्या मरणाआधी फोन येतो. फोन आला नाही, म्हणजे मरण खरं. यात चूक काढायची कुठे?

अक्काने फोनवर हे सांगितलं, आणि दोन दिवसांनी मी मेहरूणला पोचलो. दार उघडं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. एक क्षण मला वाटलं, ओळखलं.

"बठा भाऊ," ती म्हणाली. "तुमी बी केस काढात का मना आंडोरकरता?"

मी तिच्या पायाशी बसलो. "माय, मी शे. तुना आंडोर. देख, जित्ता शे." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी मायेने, परक्याच्या डोक्यावरून फिरवतात तसा. माझ्यासारखा दिसतो म्हणून कोणी भाऊबंद असेन, असं तिने अक्काला समजावलं. मग गंधमुक्तीला, सुतक फिटण्याच्या विधीला, कोण कोण आलं होतं, हे मला विचारलं. मी काय सांगणार होतो? "बठ्ठा येल व्हतात," मी म्हणालो. सगळे आले होते हे ऐकून तिला बरं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्या थकतील. एवढंच. मी पडद्यावर याहून किरकोळ आजारांवर याहून लांब वाक्यं बोललो आहे.

मालिकेच्या ऑफिसात फोन केला. फोटो काढा, निदान दुसरा लावा, म्हणून विनवलं. फोनवरची मुलगी गोड बोलली. फोटो आता गोष्टीतच आहे सर, सून त्याच्याशी रोज बोलते, पण मी वर विचारून बघते. हे 'बघते' मला चांगलं ठाऊक आहे. मी आवाज चढवायला हवा होता. नाही चढवला. त्यांच्याच नव्या मालिकेत माझ्या कामाचं बोलणं चालू होतं, आणि मायसाठीसुद्धा मी ते तोडलं नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे.

दुसऱ्या संध्याकाळी अक्काने सात वाजता टीव्ही लावलाच नाही. तर माय घरभर फिरायला लागली. "त्याले दिवा कोन लाई?" दारापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली. शेवटी अक्काने टीव्ही लावला. दिवा लागला तेव्हा कुठे ती बसली.

मग मला फोनची युक्ती सुचली, आणि मी शहाणा ठरलो असं वाटून हर्षलोसुद्धा. चेहरा नाही ओळखत, आवाज ओळखेल! तिसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत गेलो, दार लोटून घेतलं आणि तिला फोन लावला. काचेतून ती मला दिसत होती. अक्काने फोन तिच्या कानाला लावला.

"माय, मी बोलस. ते मालिकेतलं मरण खोटं शे. घाबरू नको."

ती ऐकत राहिली. मी वाट पाहत होतो, "जेवना का?" येईल म्हणून. आयुष्यात कुठल्या टाळीची मी अशी वाट पाहिली नसेल.

तिने फोन कानापासून दूर केला. "कोनी तरी मना आंडोरना आवाज काढस," ती अक्काला म्हणाली. "ठी दे फोन." आणि ती रडली. बातमी कळल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने. तिला रडवलं ते माझ्याच आवाजाने. मी काचेच्या अलीकडे फोन हातात धरून उभा. इतके बाप केले, इतकी नक्कल केली, आणि माझं स्वतःचं एक वाक्य माझ्या मायला माझं वाटलं नाही. आत जाऊन काय करू, हे मला कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी माझी परतीची गाडी होती. सात वाजले. सुनेने दिवा लावला. मायने हात जोडले, मग माझ्याकडे वळून बघितलं. "हात जोडा, भाऊ." पडद्यावर मी निळ्या शर्टात, हाराच्या आत, प्रसन्न हसत होतो. मी हात जोडले.

मग बॅग उचलली. अक्का दाराशी डोळे पुसत होती. मी वाकून मायच्या पायाला हात लावला आणि आजवर निघताना म्हणत आलो तेच सवयीने तोंडून गेलं, "माय, येतो."

तिने हात वर करून मला थांबवलं. रागावली नव्हती. अजाण पाहुण्याला रीत सांगावी तसं हळू आवाजात म्हणाली, "'येतो' नही म्हनानं, भाऊ. दारवर येल मानूस तसाच निंघी जास."

रीत बरोबर होती. दारावर, म्हणजे दुखवट्याच्या भेटीला, आलेल्याने निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे मला लहानपणी तिनेच शिकवलं होतं. मी चपला घातल्या आणि काही न बोलता जिना उतरलो.