ताईचे हात

खिडक्यांच्या काचा कापून बसवणारा तो माणूस नात्यागोत्यात फोकसमामा म्हणून ओळखला जायचा. कुणाकडे चार माणसं जमली की जुना कॅमकॉर्डर घेऊन हा हजर, आणि "हलू नका, फोकस होतोय" म्हणत जेवणाऱ्यांचे घास हवेतच थांबवायचा.

त्याची थोरली बहीण जन्मापासून बहिरी. बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती खुणांची भाषा शिकली आणि पुढे तिथेच शिवण शिकवायला लागली. तिच्या मुलीची तर ती खरोखरच मातृभाषा. मामाला मात्र कामापुरत्या खुणा यायच्या: जेव, ये, दार लाव. त्यापुढे ताई बोलायला लागली की तो नुसती मान डोलवायचा. ते ताईला कळायचं आणि तिला कळतं हे त्यालाही ठाऊक होतं.

दूर नोकरीच्या गावी भाचीला दिवस गेले, तेव्हा ताईने भावाला बोलावून घेतलं. होणाऱ्या नातवंडासाठी तिला गोष्टी सांगून ठेवायच्या होत्या: आपल्या लहानपणच्या, आईच्या, शाळेच्या. खिडकीजवळ खुर्ची मांडून मामाने काही दुपारी ते सगळं टिपलं. ताईचे हात असे चालत होते की एक शब्द न कळताही तो बघत राहिला.

घोडं अडलं ते घरी. त्याच्या कॉम्प्युटरवरचा एडिटिंगचा साधा प्रोग्राम कॅमकॉर्डरच्या फाइली उघडेचना. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आधी त्या कन्व्हर्ट करून घ्या, आणि त्यासाठीचा प्रोग्रामही टाकून दिला. मामाने पहिली फाइल लावली. बराच वेळ झाला तरी पट्टी अर्ध्यावरच. त्याचा धीर सुटला. त्याने सगळ्यात लहान साइज निवडली, सेकंदाला किती चित्रं हवीत तो आकडाही पार खाली आणला. नाहीतरी यात आवाज कुठे आहे, असं स्वतःशीच म्हणाला. फाइली झटपट झाल्या. सुरुवातीला त्याने गुलाबाची फुलं टाकली, शेवटी 'समाप्त'. दुसऱ्या कुणाच्या समारंभासाठी मेमरी कार्ड हवं होतं, म्हणून मूळ फाइलींसकट तेही पुसून टाकलं.

ताईने फिल्म शेवटपर्यंत पाहिली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याला कळेल अशा सावकाश खुणांनी विचारलं, "पुन्हा काढू या?"

मामाला वाटलं, हिला आता हौस लागली. कामाची गर्दी आहे, नंतर बघू, असं हातानेच सांगून तो उठला.

ते नंतर आलंच नाही. त्याआधीच ताई झोपेत गेली.

बाळाला घेऊन आलेली भाची फिल्म लावून बसली. थोड्या वेळाने तिने ती थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली.

"मामा, आई काय म्हणतेय ते वाचता येत नाही."

"स्वच्छ दिसतेय की."

"चेहरा दिसतोय. बोटं एकात एक मिसळलीत, मधलं मधलं गायब आहे. मूळ फाइली दे ना."

मामाने खरं ते सांगितलं. भाची रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फिल्म पुन्हा सुरुवातीला नेली.

"ताईच्या लक्षात आलं असेल का?" त्याने विचारलं.

"पहिल्याच मिनिटाला," भाची म्हणाली.

मग दोघं एकेक चित्र थांबवत बसले. शाळेचं फाटक सापडलं, आजीचं आजारपण सापडलं. एका ठिकाणी 'तुझा मामा' एवढं स्पष्ट निघालं आणि पुढे नुसता धूर. काय म्हणाली असेल, असं त्याने दोनदा विचारलं. भाचीने अंदाज बांधला नाही. आईच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, एवढंच ती म्हणाली.

आता मामा ताईच्या शाळेत खुणांची भाषा शिकायला जातो. काच धरून धरून बोटं ताठरलीत, मास्तरीणबाई एकच खूण पुन्हापुन्हा करून घेतात. घरी आला की तो कधीकधी ती फिल्म लावतो. पूर्वी त्याला सगळंच सारखं दिसायचं. आता वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे तुटतं, ते दिसतं.