हलणारे खांब

आईचा रविवारचा मराठी वर्ग बंद करायचा की नाही, हे मराठी मंडळाच्या बैठकीत ठरणार होतं. बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली तेव्हापासून राजा पार्कमधल्या मंडळाच्या खोलीत आई मुलांना मराठी शिकवायची. मुलं रोडावत चालली होती, आणि ती खोली योगवर्गाला हवी होती.

मंडळाची वेबसाइट मी बघायचे. बैठकीसाठी वर्गाच्या हजेरीचा तक्ता, दर वर्षाला एक उभा खांब, मी जावास्क्रिप्टने असा काढला, की कुणी फळ्यावर खडूने काढलाय असं वाटावं. प्रत्येक रेघ जराशी थरथरावी म्हणून कोडमध्ये दर वेळी मनाला येईल तो आकडा घ्यायची सोय ठेवली. काय देखणा दिसत होता! मी आपली स्वतःवरच खूश.

बैठकीच्या आदल्या दिवशी मंडळाचे अध्यक्षकाका तो बघायला आमच्या वैशाली नगरच्या घरी आले. पान रिफ्रेश केलं, तर या वर्षाचा खांब वाढला. पुन्हा केलं, तर खचला. कर्म माझं! रेघांबरोबर खांबाची उंचीही हलत होती.

मी दुरुस्त करायला सरसावले, तर काकांनीच माऊस धरला. रिफ्रेश करत करत त्यांनी एक चांगला उंच खांब गाठला.

“हाच छापून ने. मतलब, आपण खोटा आकडा कुठे लिहितोय?”

मलाही तो खांब फार आवडला होता. तेवढ्यात आई कणकेच्या हातांनी बाहेर आली.

“इतकी मुलं माझ्याकडे कधी आली हो?”

“वहिनी, वर्ग वाचतोय!”

“वाचू दे की. पण न आलेल्यांना मी काय शिकवू, कप्पाळ?” मग माझ्याकडे वळून, “रेघा हव्या तेवढ्या वाकड्या काढ बाई. खांब जागचा हलता कामा नये.”

अस्सा राग आला मला! मोठी आली हरिश्चंद्राची लेक! पण खांब खऱ्या उंचीवर खिळवला. एवढुस्सा दिसत होता. बैठकीत तो सगळ्यांनी पाहिला आणि खोली गेली.

पुढच्या रविवारी आईने आमच्या हॉलमधला सोफा भिंतीला सारून सतरंजी घातली. शेजारच्या दोघी बहिणी आल्या. मग अध्यक्षकाका आले, नातीचा हात धरून. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही वर्गाला पाठवलं नव्हतं.

“वहिनी,” ते खाली बघत म्हणाले, “हिची हजेरी मांडा.”