तेच वाक्य, तीनदा

टेबलावरच्या प्रीअँपचा हिरवा दिवा मघाशी लुकलुकला. मी तर गप्प होतो. स्वयंपाकघरात सुमनच्या, माझ्या बायकोच्या, हातून झाकण पडलं होतं, एवढंच. माइकमधला बारीक आवाज मोठा करणारी ही डबी. बंद दाराआडचं झाकणही तिला ऐकू येतं.

माझी बासरी घरीच रेकॉर्ड करायची म्हणून ही डबी निवडताना मी जिवाचं रान केलं होतं. दुकानातून तीन डब्या परतीच्या बोलीवर आणल्या, आवाज घुमू नये म्हणून खोलीभर गोधड्या टांगल्या आणि सुमनला माइकसमोर बसवलं. "काहीही बोल," म्हटलं. ती म्हणाली, "माझं गाणं का सुटलं, हे तुम्ही कधी विचारलंत मला?"

माझ्या कानांवर हेडफोन, डोळे स्क्रीनवरच्या हलत्या पट्टीवर. "छान! आता हेच पुन्हा, एवढ्याच आवाजात," म्हणत मी दुसरी डबी जोडली. मग तिसरी. तिनं तेच वाक्य तीनदा म्हटलं आणि उठून गेली.

कसल्या हौशी आमच्या! बारीकात बारीक आवाज पकडायला श्वाससुद्धा रोखून धरायचा, आणि ऐकायचं तेवढं सोडून द्यायचं.

आज ती तिन्ही रेकॉर्डिंग पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला तिचा आवाज कापतो. तेव्हाची वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "तिसरीच घ्यावी. खरखर अजिबात नाही. आवाजातला कंपसुद्धा स्वच्छ येतो."