पिवळं कार्ड

चाकणपासून पिंपरीपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात, पाच मिनिटं कशालाही हात न लावता बसू शकणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्याच सोसायटीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होता. बाकी आम्ही सगळे घाईचे. लिफ्टचं बटण चार वेळा दाबणारे. साहेब मात्र स्वस्थ असत, आणि त्यांच्या त्या स्वस्थपणाचीच मला धास्ती वाटे.

साहेब माझ्याच कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या खिशातलं मापं घ्यायचं व्हर्निअर काही निवृत्त झालं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ते लाडूचा व्यास मोजत, आणि दोन लाडू जुळले नाहीत तर आचाऱ्याला बोलावून शांतपणे कारण विचारत. त्यांचे वडील देहूरोडला लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. डुकराचे चॉप्स करण्याची विद्या तिथून आलेली. साहेबांनी तिला फक्त मापं दिली. चॉप हाडासकट हवा आणि एक इंच जाड. देहूरोडच्या खाटकानं एकदा त्यांना हात जोडले. म्हणाला, “सायेब, डुक्कर काय ड्रॉइंग बघून जन्माला येत न्हाई.” साहेबांनी यावर विचार केला, आणि पुढच्या खेपेपासून त्याला अर्ध्या सुताची सूट दिली.

चॉप्स दोन तास मीठ-गुळाच्या पाण्यात ठेवायचे, मग फडक्यानं खडखडीत कोरडे करायचे. बिडाचा तवा तापला की आधी चरबीच्या कडेवर उभे धरायचे, चरबी सुटली की आडवे. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की आच मंद, आणि मधोमध थर्मामीटरची सुई. त्रेसष्ट अंश दिसले की खाली. त्याच चरबीत गाजर, कांदा आणि शेवटी अर्धकच्च्या पेरूच्या फोडी, वर मिरपूड आणि लिंबू. पेरूच्या बियांचा गर ते चमच्यानं काढून टाकत, आणि वाया जाऊ नये म्हणून उभ्या उभ्या खाऊन टाकत. मग चॉप्सवर झाकण, आणि झाकणावर पिवळं कार्ड. कंपनीत संशयातल्या मालाला हे ‘होल्ड’चं कार्ड लागतं. ते असेपर्यंत मालाला कुणी हात लावायचा नाही, आणि कार्ड काढायचा अधिकार फक्त इन्स्पेक्टरचा. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या झाकणाकडे बघत बसायचो. मी म्हणायचो, “साहेब, आत गुलाबी राहिलं असणार.” ते म्हणायचे, “राहू द्या. घाईत कापलं की रस ताटलीत जातो आणि माणूस चघळत बसतो.”

मी घाबरट माणूस आहे, हे इथं लिहूनच टाकतो. बायको शाकाहारी घरातली, त्यामुळे दोन वर्षं मी दर रविवारी ‘कंपनीचं बोलायला’ वर जायचो आणि जिन्यात बडीशेप चावत खाली यायचो. कच्चं मांस पोटात गेलं तर, वास कुणाला आला तर, सोसायटीच्या कमिटीवर मी आहे हे कुणाला आठवलं तर, अशा भीती चघळतच मी तो रसाळ घास गिळत असे.

एका रविवारी बायको माहेरी लातूरला गेली होती. साहेब तवा घेऊन माझ्याकडेच आले. “आज तुम्ही करा, मी नुसता बघतो.” सगळं झालं, झाकण पडलं, कार्ड लागलं, आणि साहेबांच्या मुलीचा फोन आला; तिला चिंचवड स्टेशनवर घ्यायला जायचं होतं. “मी येईपर्यंत हात लावू नका, राव,” म्हणून ते गेले. मी दोन मिनिटं टिकलो. मग कापून पाहिलं. आत गुलाबी. मी चॉप्स पुन्हा तव्यावर टाकून गॅस मोठा केला. चरबीनं पेट घेतला. धूर जिन्यातून थेट गच्चीपर्यंत गेला.

पुढच्या मीटिंगला तक्रार आली: बिल्डिंगभर धूर आणि डुकराचा वास. चिटणीस म्हणाले, “भाडेकरूंनी थोडं वातावरण सांभाळायला नको का?” सगळे साहेबांकडे बघत होते. साहेब माझ्याकडे. “मी त्या वेळी स्टेशनवर होतो,” एवढंच ते म्हणाले, आणि माझ्यासाठी जागा सोडल्यासारखे थांबले. मी चष्मा पुसत राहिलो. त्यांच्या नव्या भाडेकराराला ना हरकत पत्र द्यायचं नाही, असं ठरलं. कागदावर चौथी सही माझी आहे.

ते तळेगावला गेले. जायच्या दिवशी सामान खाली उतरवत असताना मी तवा परत द्यायला गेलो, तर म्हणाले, “ठेवा तुमच्याकडे. तुम्हाला अजून जमलेलं नाही.”

तीन महिने मी तो तवा बघत होतो. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पडद्यांना आठ दिवस वास होता. मला वाटलं, मीटिंगमध्ये तरी बोलाल.”

गेल्या रविवारी मी चॉप्स केले. त्रेसष्ट अंशांवर खाली घेतले. गाजर, पेरू, सगळं. कार्ड माझ्याकडेच राहिलं होतं. त्यावर ‘कारण’ म्हणून एक रिकामी ओळ असते. तिथं मी लिहिलं, ‘धूर माझ्या घरातला होता.’ खाली सही केली, चॉप्स डब्यात भरले आणि कार्ड झाकणाला लावलं. तशीच एक चिठ्ठी चिटणिसांच्या पेटीत टाकली आणि स्कूटरवरून तळेगाव गाठलं. डबा वाटेत गार झाला असणार. कार्ड मी काढलं नव्हतं.

साहेबांनी दार उघडलं. कार्ड वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. मला वाटलं आता काढतील, किंवा डबाच परत देतील. त्यांनी तो तसाच, कार्डासकट, टेबलावर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

“बसा, राव,” म्हणाले. “पाच मिनिटं.”