आईची हाक, बाबांचे कान

अर्धांगाच्या झटक्यातून आईचे हातपाय वाचले, वाचा गेली, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला ते नीट कळलं नाही, कारण आई बोलत होती. फक्त काहीही सांगायचं असलं तरी तिच्या तोंडून एकच वाक्य येई, "अकलोलीला चला." भूक लागली की अकलोलीला चला. पाठ खाजली की अकलोलीला चला. दारात पाहुणा आला की हसून, मान डोलावून, अकलोलीला चला. आयुष्यभर चुरूचुरू बोलणाऱ्या बाईच्या सगळ्या बोलण्यातून नेमकं हेच का उरलं, ते कुणाला सांगता आलं नाही. तिथल्या गरम कुंडांवर ती कधीकाळी एकदा गेली होती, एवढंच.

माझ्या भावाने ते मनावर घेतलं. तो कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे आणि गोदामात सगळ्या रोगांवरची औषधं ठाऊक असणारी माणसं भरपूर. गरम पाण्याने नसा मोकळ्या होतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. एका सकाळी बाबा औषधं आणायला बाहेर पडले आणि याने गाडी बोलावली. आम्ही दोघांनी आईला अकलोलीला नेलं, कुंडाच्या पायरीवर बसवलं, पाय पाण्यात सोडले. ती आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्ही तिला पळवून आणलंय. "अकलोलीला चला, अकलोलीला चला," चालूच. भाऊ दर वेळी समजावत होता, "अगं आई, आलो ना. हीच अकलोली." मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

घरी आणून तिला झोपवलं, पंखा लावला. तिने पुन्हा तेच म्हटलं. बाबा परतले होते. त्यांनी मिशांवरून बोटं फिरवत क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि उठून पंखा बंद केला. आईने डोळे मिटले.

"तिला हवा लागत व्हती," बाबा म्हणाले. "सकाळी पन त्याच्यासाठीच बोलत असंल. तुम्ही गाडी कशाला केली?"

बाबा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. उभा जन्म त्या खडखडाटात गेला आणि कान गेले. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, ते कपाटात पडून होतं, कारण त्यात "निस्ती शिट्टी वाजते." आजारपणाच्या आधी आईची रोजची तक्रार असे की या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान 'आँ?' तरी करत नाही. आणि आता घरात आईचं कळणारा तेवढा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे हा बहिरा. आम्ही दोन्ही शिकलेली मुलं नुसते पाण्याचे ग्लास घेऊन धावत होतो.

मला याचा राग यायचा. मी प्राणिशास्त्र शिकले आहे. पडघ्याच्या बाजूच्या भाजीच्या शेतांत कामगंध सापळे लावायचं काम करते. संध्याकाळ झाली की पतंगाची मादी पोटाचं टोक बाहेर काढून गंध सोडते. तो गंध म्हणजे तिची हाक. त्या वाटेने नर अंधारातून बरोबर तिच्यापर्यंत येतो. आम्ही तोच गंध लावलेली रबराची गोळी सापळ्यात ठेवतो आणि नर फसतात. थोडक्यात, एकाची हाक दुसऱ्याला कशी कळते यावरच माझं पोट भरतं, आणि घरात आईची हाक मला कळत नव्हती.

त्याच दिवसांत एका शेतकऱ्याने मला बोलावून घेतलं. त्याच्या सापळ्यात काही पडेना. बघितलं तर त्याने दोन वेगळ्या अळ्यांच्या गोळ्या एकाच सापळ्यात ठेवल्या होत्या. "एका खर्चात दोन्ही येतील, असं वाटलं," तो म्हणाला. मी सांगितलं, असं होत नाही. नराला आपल्या मादीचा गंध येतो, पण त्यात दुसऱ्या प्रजातीचा एवढासा अंश मिसळला की तो अर्ध्या वाटेतून मागे फिरतो. हाक खरी असते, पण त्या एका भलत्या कणामुळे तो वाट सोडतो. हे बोलता बोलताच मला अकलोलीची गाडी आठवली. आई हाक बरोबरच मारत होती. आम्हीच त्या भलत्या दोन शब्दांच्या नादाने भलतीकडे गेलो होतो.

त्या संध्याकाळी बाबांना विचारलं, तुम्हाला कसं कळतं?

"मला ऐकूच येत न्हाय," ते म्हणाले. "ती चुकीचं काय बोलते ते मला काय ठाव, बाय?" मग माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "लूम चालू असल्यावर कोन कोनाचं ऐकतो? तोंडाकडं बघायचं, हाताकडं बघायचं. समोरच्याला पाना पायजे का पानी, लांबून समजतं."

पतंगांच्या बाबतीत एक जुनं कोडं आहे. एखाद्या मादीचा गंध जन्मतःच जरा वेगळा निघाला, तर तिच्याकडे येणार कोण? सगळे नर मागे फिरणार, ती तशीच मरणार, आणि तो वेगळा गंध तिच्याबरोबर संपणार. मग इतक्या प्रजाती, प्रत्येकीची हाक निराळी, या झाल्या कशा? उत्तर असं सांगतात की हजारांत एखादा नर असा असतो, की ज्याला तो भलता कण खटकतच नाही. इतरांच्या मानाने त्यात काहीतरी कमीच असतं म्हणा. तो येतो. त्यांच्या पिल्लांत तीच हाक आणि तेच ओळखणं उतरतं. पिढ्यान् पिढ्या गेल्या की त्यांचं एक वेगळंच कुळ होतं. पूर्वीच्यांना यांची हाक कळत नाही, यांना त्यांची.

आमच्या घरात दोघांचीच एक प्रजाती झाली होती. मी हे गमतीत भावाला म्हटलं, त्यालाही हसू आलं. दुपारी आई-बाबा ओट्यावर बसत. ती "अकलोलीला चला" म्हणे, ते हातवारे करत, कधी भांडत, कधी दोघंही खळखळून हसत. कशावर, ते आम्हाला कधी कळलं नाही. माझ्या जन्मात त्या दोघांचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. आजारी बाईचा हेवा वाटावा अशी ती दोन वर्षं होती.

मग बाबांच्या छातीत दुखलं. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं, तिथेच गेले. घरी आणलं तेव्हा आईला शेजारी बसवलं. तिने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली, रडली नाही. आम्ही तिला परत परत सांगितलं, ती मान डोलावत होती. तिला समजलं असं आम्ही धरून चाललो. आमच्या मागे तरी किती कामं होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती हाका मारू लागली. मी चहा नेला, तिने ढकलला. पाणी, शाल, औषध, पंखा, सगळं झालं. संडासला नेलं. ती आणखी जोरात तेच बोलायची आणि माझा हात झटकायची. एकदा मी ओरडले तिच्यावर. ती दचकली, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सुरू.

शेवटी मी कानांत कापूस कोंबला. कापसाने किती भागणार, म्हणून वरून मिक्सर चालू करून ठेवला, रिकामाच. आता मला तिचे ओठ नुसते हलताना दिसत होते. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यांदा तिच्याकडे धडपणे पाहिलं. तिने दोन बोटं वरच्या ओठावरून फिरवली. मिशा. मग हात दाराकडे, भुवया वर. पुन्हा मिशा, पुन्हा दार. इतके दिवस ती माझ्यासमोर हेच करत होती.

मी मिक्सर बंद केला. तिला सांगणं भाग होतं आणि आमचे शब्दही तिच्यापर्यंत पोचत नव्हते, हे मला आता कळलं. मी माझ्या ओठांवर तशीच बोटं फिरवली, दाराकडे हात केला आणि मान हलवली. नाही. ती बघत राहिली. तिने पुन्हा विचारलं, अगदी सावकाश, मला नीट कळावं म्हणून. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि मला रडू फुटलं. तेव्हा तिला कळलं. आई रडली, आवाज न करता, माझा हात धरून.

त्या दिवसापासून ती हाक मारत नाही. काही लागलं तरी नाही. जेवण पुढे ठेवलं तर जेवते, नाहीतर बसून राहते. डॉक्टर म्हणतात, असं होतं. मी पडघ्याहून लवकर निघते आणि दिवेलागणीला तिच्यासमोर जाऊन बसते, तिचे हात बघत. बाबांइतकं नाही, पण मला आता थोडं कळतं. ते तिला कसं कळवायचं, तेवढं कळत नाही.