चुन्याचा दुसरा हात

अल्जीयर्सच्या कसब्यातल्या भिंती पांढऱ्याशुभ्र, हे साऱ्या जगाला ठाऊक. त्या पांढऱ्या करतं कोण, हे कुणी विचारत नाही. करतात काळ्या बायका. याकूतची आजी करायची, आई करायची, आणि पंचावन्न वर्षांची याकूतही तेच करत होती. डोक्यावरून निळ्या चौकड्यांची चादर, एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा कुंचा आणि खांद्यावर कळीच्या चुन्याची गोण. ती गल्लीत दिसली की बायका ओळखायच्या, कुणाकडे तरी सुंता आहे नाहीतर लग्न. शुभकार्य निघाल्याशिवाय इथे घराला चुना लागत नाही, आणि काळ्या बाईच्या हातचा लागला तर बरकत येते म्हणतात. बरकतीसाठी तिचा हात हवा, पण जेवायला बसल्यावर तोच हात आपल्या ताटाशी नको. आता या रिवाजाला काय म्हणावं?

याकूतच्या आजीला वाळवंटापलीकडून आणून इथे विकलं होतं. गाव कुठलं, माणसं कुठली, काही माहीत नाही. अशा लोकांची शहरात पूर्वी सात घरं होती, ज्या मुलखातून आणलं त्या मुलखाच्या नावाची. याकूतचं घर कात्शेनाचं. वसंतात वालाच्या नव्या शेंगा आल्या की ही सगळी घरं समुद्रकाठी जमायची, बैल कापायची, ढोल वाजवायची. तो सण होईपर्यंत काळ्या माणसाने नवी शेंग तोंडात घालायची नाही. सण केव्हाच मोडकळीला आला, याकूत मात्र नेम पाळायची. तिचा मुलगा फराजी विचारायचा, कशासाठी? ती म्हणायची, मला काय ठाऊक, आजी खायची नाही.

स्वातंत्र्याच्या लढाईच्या वर्षांत कसब्याच्या नाक्यानाक्यावर फ्रेंच शिपाई झडती घ्यायचे. कळीच्या चुन्यात हात घालायला मात्र कुणी धजत नसे, घामेजला हात त्यात चांगलाच भाजतो. याकूतच्या गोणीच्या तळाशी कागद असायचे, एकदा पिस्तूलही होतं. ते सगळं जायचं बुआलेमकडे. तो तेव्हा एका शिंप्याच्या दुकानात काम करायचा. देश स्वतंत्र झाला, बुआलेम सरकारी कचेरीत बसला आणि लोक त्याला आदराने सी बुआलेम म्हणायला लागले. याकूत पुन्हा चुना कालवायला लागली. आपणही काही मागायचं असतं, हे तिला सुचलंच नव्हतं.

मग एकोणसत्तरच्या जुलैत शहरात साऱ्या आफ्रिकेचा महोत्सव भरला आणि याकूतच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला.

कुठून कुठून माणसं आली. अजून गोऱ्यांशी लढत असलेल्या देशांचे पुढारी आले, गाणारे-नाचणारे आले, अमेरिकेतून काळी जाकिटं घातलेली, मूठ वर करून सलाम करणारी पोरं आली. सी बुआलेम महोत्सवाच्या समितीत होता. कॉफीच्या दुकानासमोर बाकावर उभं राहून त्याने भाषण ठोकलं की आपण सगळे आफ्रिकी, आपलं रक्त एक. याकूत बादली घेऊन खालून चालली होती. तिच्याकडे हात करून तो म्हणाला, "ही बघा, ही आपली बहीण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहीण कोण आली म्हणून याकूतने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

त्यानंतर तर रोज काहीतरी निघायचं. जो मासळीवाला तिला तीस वर्षं 'ए काळे' म्हणून हाक मारत आला, त्याने फ्रेंचमध्ये अदबीने विचारलं, बाईसाहेब कुठल्या देशाच्या? तिने सांगितलं, वरच्या गल्लीतली. एका पोलिसाने तिला हाताला धरून पाहुण्यांच्या बसमध्ये बसवलं आणि बादलीसुद्धा आत ठेवली. दोन रस्ते गेल्यावर ती कशीबशी खाली उतरली. भल्यामोठ्या केसांची एक अमेरिकन पोरगी भर बाजारात तिच्या गळ्यात पडून रडली. हिचं कुणीतरी गेलं असणार, असं समजून याकूतने बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरी येऊन ती फराजीला म्हणाली, "मी तीच आहे ना रे? का बदलले काही?"

फराजी बंदरावर क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं बोट चेंगरलं, तेव्हा दवाखान्यात ते बांधलं सी बुआलेमच्या मुलीने, नफीसाने. ती तिथे परिचारिका होती. बोट बरं झालं तरी त्याच्या दवाखान्यातल्या खेपा थांबल्या नाहीत. याकूतला समजलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ज्या घरी आपण चुना लावतो, त्या घरची मुलगी कशी मागायची? दोन वर्षं तिने मुलाला दटावून गप्प बसवलं होतं. पण त्या भाषणानंतर फराजी पेटलाच.

"सगळ्यांदेखत बहीण म्हणाला ना? मग बहिणीच्या पोराला मुलगी देत नाहीत का आपल्यात?"

याकूतने अखेर मनावर घेतलं. हमामात तिने सी बुआलेमची बायको लल्ला झोहोर हिला गाठलं आणि अडखळत विषय काढला. लल्ला झोहोर पाठ घासता घासता थबकली. मग हळूच म्हणाली, यांच्या कानावर घालते. पाचव्या दिवशी सी बुआलेम स्वतः गल्लीत थांबला आणि याकूतला म्हणाला, "गुरुवारी सकाळी घरी ये. चुना घेऊन ये. आनंदाचा दिवस आहे."

आता कसब्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, याचा अर्थ काय होतो. मुलीची मागणी गेलेली, वर घराला चुना आणि आनंदाचा दिवस. याकूतने फराजीला सांगितलं, तो उठून नाचायला लागला. तिने चुना विझवून ठेवला, पेटीतला लग्नातला झगा काढला आणि निळ्या कागदातली साखरेची उंच ढेप विकत आणली. मागणीच्या घरी ढेप नेतात. मुलीकडच्यांना नको असेल तर ती न फोडता परत पाठवतात.

गुरुवारी ती पोचली तर घरात धांदल. लल्ला झोहोरने तिच्या हातातली ढेप बघितली आणि तिचा चेहरा उतरला. ढेप घेऊन तिने चटकन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि कुजबुजली, "अजून बोललेच नाही गं मी यांच्याशी. धीर झाला नाही." दुपारी गिनी देशाचे मोठे पाहुणे जेवायला यायचे होते. आनंद तो होता.

याकूत अंगणात उभीच राहिली. परत जावं तर कामाला नाही कसं म्हणायचं, राहावं तर कुठल्या नात्याने? इतक्यात सी बुआलेम आला, म्हणाला, समोरची भिंत तेवढी उरकून घे. मग तिने लग्नातल्या झग्यावरून चादर गुंडाळली आणि शिडी लावली. एरवी शिडी फराजी धरायचा, आज तो कामावर. कुणीतरी धरा, असं तिने दोनदा म्हटलं. सगळे गडबडीत होते.

ओला चुना पांढरा दिसत नाही. मळकट दिसतो, खालची भिंत दिसत राहते. सुकला की उजळतो, आणि दुसरा हात दिल्यावर खरा खुलतो. हे सी बुआलेमला कोण सांगणार? तो येऊन जाऊन कुरकुरत होता, हे पांढरं कधी होणार. तेवढ्यात पाहुणे वेळेच्या आधीच आले. पुढे अल-हाज बांगुरा, पांढऱ्या दाढीचे, घोळदार झग्यातले, गिनीच्या वादकांचे प्रमुख. दारातून आत आले ते थेट शिडीपाशी थांबले. शिडीवर त्यांच्याच रंगाची, त्यांच्या धाकट्या बहिणीसारखी दिसणारी बाई.

त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं, या कोण? सी बुआलेम लगेच म्हणाला, आमची बहीण, आमच्या घरच्यासारखी. म्हाताऱ्याने मग याकूतला खाली बोलावलं, तिचा चुन्याने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारपूस सुरू केली. नफीसा पाहुण्यांना पाणी द्यायला आली होती, ती इकडचं तिकडे सांगायला लागली. कुठली माणसं तुम्ही? कात्शेनाच्या घरची. मुलं किती? एक मुलगा, बंदरावर असतो. त्याचं लग्न झालं?

याकूतला आडपडदा ठाऊक नव्हता. सकाळपासून डोकं भणाणलं होतं, अंगावर मागणीचा झगा, त्यावर कामाची चादर. जे होतं ते तिने सांगितलं.

"त्याच्यासाठीच तर आलेय. या घरची मुलगी मागायला."

नफीसाने हातातला पेला खाली ठेवला. म्हाताऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या? सी बुआलेमने मुलीला बोलूच दिलं नाही. तो हसत म्हणाला, "तुमचं स्वागत आहे म्हणते."

याकूतला फ्रेंच येत नव्हतं असं नाही. तीस वर्षं फ्रेंच बायकांच्या भिंती रंगवल्यावर एवढं तर कळतंच. तिने मान खाली घातली. तेव्हा नफीसा बोलली, एकेक शब्द सुटा करून, आधी फ्रेंचमध्ये आणि मग बापाकडे बघत आपल्या भाषेत.

"नाही. त्यांच्या मुलासाठी माझी मागणी घालतायत. आणि मला तो पसंत आहे."

अल-हाज बांगुरांचा चेहरा उजळला. आल्याबरोबर अशी शुभवार्ता कानी पडावी, यापरतं काय हवं? त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि फातिहाची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. मागणी पक्की होते ती हीच म्हणून. आणि फातिहा चालू असताना मुसलमान माणसाला हात खाली ठेवता येत नाहीत. आधी वादकांचे हात वर आले, मग दाराआडून लल्ला झोहोरचे. याकूतने चुन्याचे हात तसेच वर धरले. चार शब्द झाल्यावर सी बुआलेमचेही हात उठले. ते त्याने उचलले की आपोआप उचलले गेले, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आमीन सगळ्यांनी म्हटलं. त्याचे ओठ हलताना याकूतला दिसले, आवाज ऐकू आला नाही.

मग जेवणं सुरू झाली. कुसकुस आला, मटण आलं. म्हाताऱ्याने याकूतला आपल्या शेजारी त्याच ताटाशी बसवलं. जेवता जेवता ते नफीसाला हलक्या आवाजात काही म्हणाले आणि नफीसाने ते तिच्या कानात सांगितलं: "म्हणतात, आमच्या गावातही विकत आणलेल्यांची घरं आहेत. तिथे आम्ही आमच्या मुली देत नाही. माझ्या स्वतःच्या अंगणात माझे हात इतक्या लवकर वर आले असते का, कोण जाणे." याकूतने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. म्हणजे तिकडेही तेच? मग आजी जिथली होती तिथे तरी ती कोण होती? एवढा मोठा महोत्सव, इतके झेंडे, आणि हे कुणी भाषणात कसं सांगितलं नाही, याचाच तिला राग आला.

संध्याकाळी फराजीने विचारलं, काय म्हणाले?

"काही नाही म्हणाले. हात वर केले."

"म्हणजे हो ना?"

"पाहुण्यांसमोर होते रे. पाहुणे उद्या जातील."

ढेप परत येते की काय, म्हणून दोघं दाराकडे कान लावून बसले. कुणी आलं नाही.

सकाळी दुसरा हात द्यायचा होता. अर्धवट भिंत सोडलेली तिच्या तीन पिढ्यांत कुणी पाहिली नव्हती. पण व्याह्यांच्या घरी कुंचा घेऊन गेलेली वरमाईही कसब्यात कुणी पाहिली नसेल. कामाचे कपडे घालावेत की झगा? तिने कालचाच झगा घातला, बादली उचलली आणि निघाली.

सी बुआलेम अंगणात खुर्चीवर बसला होता. पाहुणे नव्हते, टाळ्या नव्हत्या. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे नजर वळवली. तो गुरकावला असता तरी तिला बरं वाटलं असतं, निदान कळलं तरी असतं. एवढ्यात स्वयंपाकघरातून ठक ठक आवाज आला. खलबत्त्याच्या दांड्याने कुणीतरी काहीतरी फोडत होतं. मग लल्ला झोहोर कॉफी घेऊन बाहेर आली, पाहुण्यांच्या सोनेरी काठाच्या पेल्यांतून, आणि बशीत साखरेचे पांढरे खडे. ट्रेवर अंथरला होता ढेपेचाच निळा कागद. तिने बशी आधी याकूतपुढे धरली, मग नवऱ्यापुढे.

सी बुआलेमने त्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मग एक खडा उचलून आपल्या पेल्यात टाकला आणि ढवळत बसला, विरघळल्यावरही ढवळतच राहिला.

याकूतने कॉफी संपवली. कालचा हात सुकून उजळला होता. वरचा कोपरा मात्र डागाळलेला राहिला होता, काल शिडी डुगडुगत होती म्हणून तिथवर पोचता आलं नव्हतं. तिने शिडी लावली, कुंचा बुडवला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून मागे वळली.

"सी बुआलेम," ती म्हणाली, "शिडी धरा."

त्याने बायकोकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग उठला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.